वाऱ्याच्या पोटातला किडा

तोकुमात्सूने डाव्या हाताने तक्ता उचलला आणि भिरकावून दिला. तक्ता चहाच्या पेल्याला चाटून गेला, पेला कलंडला आणि हिरवा चहा मेजावरून वाहत कुदोबाईंच्या कागदांपर्यंत पोचला. बाईंनी कागद चटकन वर उचलले.

“बाबा, अहो काय हे!” थोरला मुलगा हिरोताका उठून उभा राहिला. “बघितलंत ना, बाई? ‘पाणी’ दाखवा म्हटलं तर भलत्याच अक्षरावर बोट. दुसऱ्यांदा विचारलं की फेकाफेक.”

लीह्वाने फडकं आणून मेज पुसलं. मग चटईवर उपडा पडलेला तक्ता उचलून त्याची ओली कड पदरासारख्या पुढे बांधलेल्या एप्रनला टिपली. इस्पितळातून घरी सोडताना दिलेला तो पुठ्ठ्याचा तक्ता. जपानी बाराखडीची पन्नास अक्षरं, मोठी, ठळक, आणि कोपऱ्यात एक हसरा ससा. वाचा गेलेल्या माणसाने एकेका अक्षरावर बोट ठेवून शब्द जुळवायचे, अशी कल्पना. तोकुमात्सूचं बोट मात्र त्या अक्षरांमधून परक्या गावात चुकलेल्या माणसासारखं फिरायचं. फेब्रुवारीत जाळी दुरुस्त करता करता तो खोपीत कोसळला होता, त्याला आता तीन महिने होत आले होते. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि तोंडात एकच आवाज उरला, “आ.”

“मग मी काय लिहू?” कुदोबाईंनी विचारलं. त्या नगरकचेरीतून आल्या होत्या. कोणत्या म्हाताऱ्याला किती आधार लागतो, हे ठरवणं त्यांचं काम.

“समजूत राहिलेली नाही, असं लिहा,” हिरोताका म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, शीण होता. सेंदाईहून चार तास गाडी चालवत तो आला होता आणि संध्याकाळी पुन्हा तेवढंच जायचं होतं. “माझ्या घराजवळच्या वृद्धाश्रमात एक जागा झालीय. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. होडीचं आणि मच्छीमार सोसायटीतल्या नावाचंही तेव्हाच मिटवून टाकू. सोसायटीच्या इवाओकाकांशी बोलणं झालंय माझं.”

“बाबांना विचारलंत, भाऊजी?” लीह्वाने विचारलं.

“काय विचारू, रिका? आणि कुणाला?”

लीह्वा म्हणजे पेअरचं फूल. लिहायला चिनी लिपीतली दोनच अक्षरं, पण तीच दोन अक्षरं जपानी माणूस ‘रिका’ अशी वाचतो. चीनच्या यानताई बंदरातून बारा वर्षांपूर्वी ती या घरात धाकटी सून म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी गावाने तिला रिका करून टाकलं. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा हारुओ कर्करोगाने गेला. आई फोनवर म्हणाली, परत ये. गाव पाठीमागे म्हणालं, आता जाईलच. ती गेली नाही. दिवसकार्य उरकलं, एक हिवाळा सरला, आणि एका पहाटे सासरा होडीची दोरी सोडत असताना ती रबरी बूट घालून धक्क्यावर जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सरकून जागा करून दिली. तेव्हापासून जाळी दोघं मिळून ओढत.

“त्यांना सगळं समजतं,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“माझ्याकडे बघतात, त्यावरून.”

हिरोताकाने कपाळ चोळलं. कुदोबाईंनी पेनचं टोपण लावलं.

“हे मला कागदावर लिहिता येत नाही हो,” त्या मऊ आवाजात म्हणाल्या. “दोन आठवड्यांनी रविवारी मी पुन्हा येते. शेवटची नोंद तेव्हाच करू. तोवर तुम्ही बघा.”

त्या गेल्या, हिरोताकाही गेला. लीह्वाने तक्ता कपाटावर ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, तो पुन्हा खाली काढला, घडी घातली आणि कचऱ्यात टाकला.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर मच्छीमार सोसायटीचं मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर होतं. दुखण्याआधी रोज पहाटे तोकुमात्सू मागच्या पायरीवर जाऊन उभा राहायचा, मान किंचित वाकडी, कान दर्याकडे. मग आत येऊन एकच शब्द टाकायचा. “आइ,” म्हणजे ईशान्येचा हलका, होडीला सांभाळून नेणारा वारा. “कुदारी,” म्हणजे दक्षिणेचा. “दाशी,” म्हणजे डोंगरातून उतरून होडीला उघड्या दर्यात ढकलणारा. आणि हिवाळ्यात “तामा.” हा वायव्येचा. त्याचं नाव निघालं की बंदरावरच्या बायका हातातलं काम थांबवून आधी आपापली माणसं मोजायच्या.

ही नावं तोंडातली. ती कशी लिहायची, हे गावात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. लीह्वा नवी आली तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, पण चिनी अक्षरं जपानीतही वापरतात, त्यामुळे ती दोघांनाही वाचता येत होती. सून आणि सासरा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून बोलत. त्या काळात तिने प्रत्येक वाऱ्याला आपल्या मनाने अक्षरं लावली. ढकलणाऱ्याला ‘बाहेर-वारा’, दक्षिणेच्याला ‘उतरता-वारा’, हिवाळ्यातल्याला ‘भूत-वारा’ आणि आइला ‘माया-वारा’. ती अक्षरं ती रोज त्या दिवसाच्या चौकोनात टिपायची. एकच भांडण कायम चालायचं. तिच्या शाळेत शिकवलेल्या सुटसुटीत लिपीत ‘वारा’ म्हणजे एक उघडी चौकट आणि तिच्या पोटात फुली. जपानात जुनी चाल, चौकटीच्या पोटात चक्क ‘किडा’ हे अक्षर. घाईत ती फुली मारायची.

“आज पुन्हा किडा खाल्लास!” सासरा ओरडायचा. “अगं, पोटात किडा नसेल तर वारा वळवळेल कसा?”

फेब्रुवारीपासून कॅलेंडरचे चौकोन कोरे होते.

तक्ता फेकला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि सासऱ्यासमोर मेजावर ठेवलं. त्याला काही दाखवायचं, असं तिच्या मनात नव्हतं. कोऱ्या चौकोनांकडे बघवत नव्हतं, एवढंच. तिने पेन्सिल घेतली, आजच्या तारखेत भराभर ‘वारा’ लिहिलं आणि थांबली. पुढे काय लिहायचं? वारा कोणता, ते रोज दुसराच कुणी सांगायचा. गॅसवरची किटली वाजायला लागली म्हणून ती उठली.

“आ!”

तिने वळून पाहिलं. तोकुमात्सू डाव्या मुठीने मेज ठोकत होता. मग त्याने पेन्सिल पकडली. आयुष्यात डाव्या हाताने त्याने कधी लिहिलं नव्हतं. पेन्सिल दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्याने ती मुठीत धरली, चिमणीसारखी दाबून, आणि तिच्या फुलीवर जोरात रेघा ओढल्या. मग बाजूला, जागा सापडेल तिथे, नवं अक्षर सुरू केलं. चौकट जमली नाही, तिचे पाय फाकले. पण तिच्या पोटात त्याने एकेक रेघ ओढत ओढत काहीतरी बसवलं. डोकं एकीकडे, शेपूट एकीकडे.

तो किडा होता.

किटली उतू जाऊन गॅसवर चरचरली. लीह्वाने गॅस बंद केला, पण तिथेच उभी राहिली. मग मेजाशी आली आणि त्याच्या समोर खाली बसली.

“पुन्हा किडा खाल्ला ना मी,” ती म्हणाली.

त्याने पेन्सिलीने चौकोन टोचला. पुढे लिही.

तिने कागद ओढून चारही वाऱ्यांची नावं आपल्या अक्षरांत लिहिली. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या अंगणात चादरी वाळत घातल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्याने ‘उतरता-वारा’वर बोट ठेवलं. लीह्वाने मागचं दार उघडून गाल बाहेर काढला. वारा दक्षिणेचा होता.

त्या दिवसापासून तिने धरलंच. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी कापून तिने पत्त्यांएवढे कागद केले, आणि रोज सकाळ-दुपार दोघं मेजाशी बसू लागली. बाराखडीतला साधा ‘मासा’सुद्धा त्याला लागत नव्हता, पण चिनी अक्षरांतला मासा पाहिला की बोट लगेच खिडकीकडे. उच्चारांची वाट मोडली होती, अर्थांची शाबूत होती. असं का, हे तिला माहीत नव्हतं आणि तिला त्याची फिकीरही नव्हती. डॉक्टरांना पुढे विचारू. तिने सुरुवात वाऱ्यापासूनच केली, कारण तिथेच दार किलकिलं झालं होतं. आणि दोन्ही भाषांमध्ये वाऱ्याचं अक्षर किती शब्दांत शिरलेलं आहे, हे तिला बारा वर्षांत पहिल्यांदाच कळलं. सर्दीत वारा, चवीत वारा, देखाव्यात वारा. जपानी आंघोळीच्या टबातसुद्धा वारा. तो कागद दाखवला की म्हातारा डोळे मिटून मान मागे टाकायचा. म्हणजे, ने मला, पाणी चांगलं कढत कर.

एका दुपारी लिहिण्याच्या भरात तिने वाऱ्याचा आणखी एक शब्द लिहिला आणि जीभ चावली. तिच्या भाषेत त्या दोन अक्षरांचा अर्थ चालीरीती. इथे तो शब्द दिवाबत्तीनंतरच्या बायकांच्या धंद्यासाठी वापरतात. नवी नवरी असताना सोसायटीच्या जेवणात उठून ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, मला तुमच्या गावाकडून हे मनापासून शिकायचं आहे. इवाओकाकांच्या नाकातून सूप आलं होतं.

तोकुमात्सूने कागद पाहिला. त्याचे खांदे हलू लागले. अर्धंच तोंड वर गेलं, पण हसू पुरं होतं. तीन महिन्यांतलं पहिलं.

“हसा, हसा,” ती म्हणाली. “तुम्ही तेव्हा मला सावरायचं सोडून टेबलाखाली गेला होतात.”

दुसऱ्या दिवशी तिने तो कागद लिहिला, जो लिहायचा की नाही याचा विचार तिने चार दिवस केला होता. इस्पितळात त्याच्या दुखण्याला एक लांबलचक नवं नाव होतं. ते नाव डॉक्टरांनी हिरोताकाला सांगितलं, हिरोताकाने तिला सांगितलं. म्हाताऱ्याला मात्र सगळे मोठ्या आवाजात एवढंच सांगायचे, “बरं वाटेल हं, आजोबा!” पण या दुखण्याचं एक जुनं नाव आहे, तिच्या आजीच्या तोंडचं आणि त्याच्याही आजीच्या तोंडचं. अक्षरं तीच. ‘लागलेला’ आणि ‘वारा’. वारा लागलेला माणूस.

तिने कागद त्याच्यासमोर सरकवला.

त्याने तो पुष्कळ वेळ पाहिला. मग अक्षरांवर बोट ठेवलं, आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर. तिने मान डोलावली. त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी उचलला, मेजाच्या वर धरला आणि सोडून दिला. हात ओल्या दोरखंडासारखा पडला. त्याने तिच्याकडे पाहिलं.

बरं वाटेल हं, असं म्हणणं तिला जमलं असतं. तिने पेन्सिल घेतली. ‘हात, नाही. पाय, थोडा. तोंड, माहीत नाही.’

तोकुमात्सूने तिन्ही ओळी वाचल्या. डोळे मिटले. बाहेर बंदरावर कुणाचं तरी इंजिन सुरू होऊन बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. मग त्याने चाचपडत आंघोळीचा कागद शोधला आणि तिच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी तिने सेंदाईला फोन लावला.

“रविवारी याल तेव्हा इवाओकाकांनाही बोलावते,” ती म्हणाली. “बाबा स्वतःचं स्वतः सांगतील.”

“रिका, तुझा वृद्धाश्रमाला विरोध आहे म्हणून तू हे...”

“त्यासाठी नाही.”

“पण विरोध आहे ना?”

“आहे,” ती म्हणाली. “तो माझा. बाबांचं वेगळं विचारायचं.”

रविवारी पाचहीजण मेजाभोवती बसले. इवाओ मच्छीमार सोसायटीचा प्रमुख, तोकुमात्सूच्याच वयाचा, त्याच्याच वर्गातला. तो आल्या आल्या म्हणाला, “पोरी, तुझी माया मला दिसतेय. पण कागद दाखवून मान हलवून घेणं काही अवघड नाही. माझी मांजरसुद्धा मासा दाखवला की हो म्हणते.”

“मग तुम्हीच विचारा, काका. मी मागे बसते.”

ती उठून दाराशी जाऊन बसली. इवाओने चष्मा चढवला, जरा विचार केला आणि ठसठशीत अक्षरांत लिहायला घेतलं. लिहिता लिहिता तो कुदोबाईंना सांगत होता. चौतीस वर्षांपूर्वीच्या वसंतात अचानक दाशी सुटला, दोन होड्या उघड्या दर्यात ढकलल्या गेल्या, एकीचं इंजिन बंद पडलं आणि दुसरीने दोरी टाकून तिला ओढत आणलं. एक होडी याची, एक माझी. शेवटी त्याने दोन कागदांवर दोन नावं लिहिली, स्वतःचं आणि तोकुमात्सूचं, आणि प्रश्न पुढे ठेवला. कोणी ओढलं?

तोकुमात्सूने सगळं वाचलं. घाई केली नाही. मग त्याने स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, आणि ओठाचा डावा कोपरा हळूच वर चढला.

इवाओने मांडीवर थाप मारली.

“चोर लेकाचा! लिहा बाई, लिहा तुमच्या कागदावर! इंजिन याचं बंद पडलं, दोरी माझी होती, आणि हा मागे बसून ओकत होता. अख्ख्या बंदराला ठाऊक आहे. चौतीस वर्षं हा उलटं सांगत हिंडतोय आणि आजही तेच सांगतोय. समजूत गेलेला माणूस इतकं जुनं खोटं इतकं नेमकं सांगेल का?” त्याने चष्मा काढून डोळे पुसले. “शाबूत आहे हो हा. पूर्वी होता तेवढाच शाबूत.”

कुदोबाई हसल्या, पण त्यांनी कागदावर एक ओळ खोडली आणि तिच्या जागी दुसरी लिहिली.

मग हिरोताकाने पेन्सिल घेतली. वडिलांना उद्देशून त्याने शेवटचं काही लिहिलं त्याला किती वर्षं झाली असतील, हे त्याच्या हाताकडे बघून कळत होतं. एका कागदावर त्याने लिहिलं, ‘हे घर’. दुसऱ्यावर, ‘सेंदाई’. दोन्ही कागद त्याने सारख्या अंतरावर ठेवले.

लीह्वाने नजर आपल्या गुडघ्यांवर ठेवली. आपल्याकडे बघून त्याने उत्तर द्यावं, असं तिला नको होतं. कागद सरकल्याचा आवाज आला तेव्हा तिने वर पाहिलं.

बोट सेंदाईवर होतं.

“बाबा, नीट बघा,” ती उठून आली. तिने दोन्ही कागद उचलले, डावीकडचा उजवीकडे केला, उजवीकडचा डावीकडे. “हे घर. हे सेंदाई.”

बोट सेंदाईवर.

“थकलेत ते,” ती म्हणाली. “सकाळपासून बसलेत. आपण जेवणानंतर...”

तिने कागद पुन्हा उचलले, पण या वेळी तोकुमात्सू थांबला नाही. त्याने तिच्या हातातून सेंदाईचा कागद ओढून घेतला, मेजावर सपाट केला आणि डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात उचलून दगडासारखा त्यावर ठेवला.

हिरोताकाचा चेहरा उतरला होता. “मला वाटलं ते नाहीच म्हणतील,” तो हळू म्हणाला. “मी... नाही ऐकायची तयारी करून आलो होतो.”

इवाओ खाकरला. “आणि होडी? तीही विचारूनच टाकू.” त्याने लिहिलं, ‘होडी, देऊन टाकायची?’

तोकुमात्सूने मान हलवली. नाही. पेन्सिलीसाठी हात पुढे केला. मुठीत धरून त्याने दोन अक्षरं काढली, वाकडी, एकमेकांवर रेललेली. पेअर आणि फूल. त्यांच्याखाली एक आकडा, नव्वद.

“अस्सं,” इवाओ म्हणाला. मग लीह्वाकडे वळला. “वर्षाकाठी नव्वद दिवस दर्यावर गेलेल्यालाच सोसायटीत नाव लावता येतं. याचं नाव आता निघणार. त्या जागी घरातल्या माणसाचं लागू शकतं, पण नव्वद दिवस भरले तरच. या वर्षी तुझे किती झाले?”

“अकरा,” लीह्वा म्हणाली. “जानेवारीतले.”

“आणि त्यानंतर?”

तिने तोकुमात्सूकडे पाहिलं. त्यानंतरचे दिवस सगळ्यांच्या समोरच बसले होते, स्वच्छ दाढी केलेले, धुतलेला सदरा घातलेले.

“याला उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, आणि पहाटे जाळ्यावरही जायचं, हे एका माणसाचं काम नाही. आता मे चाललाय. तामा सुरू होईपर्यंत जेवढे दिवस मिळतील तेवढेच. एकदा नाव गेलं की या घराला पुन्हा लागायचं नाही.” त्याने कागदाकडे बोट केलं. “यानं हिशेब केलाय, पोरी. आपल्या सगळ्यांच्या आधी.”

लीह्वाचे कान लाल झाले होते.

“मला नको होडी,” ती म्हणाली. “मी मागितली होती का? तुम्ही सगळे मिळून ठरवता, हे घर, ते घर. मला कुणी विचारलं?”

ती हे तोकुमात्सूला म्हणाली, जपानीत सुरुवात करून शेवटी स्वतःच्या भाषेत. शेवटचं वाक्य खोलीत कुणालाच कळलं नाही. पण तोकुमात्सू तिच्याकडे बघत होता. त्याने पसरलेल्या कागदांमधून एक हुडकला, ‘होडी’. मग ‘सोडून जाणे’ लिहिलेला दुसरा. तो सापडायला वेळ लागला. हिरोताका मदतीला वाकला, पण म्हाताऱ्याने त्याचा हात बाजूला सारला. दोन्ही कागद त्याने तिच्यासमोर सारख्या अंतरावर ठेवले, नीट सरळ केले, आणि हात मांडीवर घेऊन थांबला.

कुदोबाईंनी पेन खाली ठेवलं. इवाओ खिडकीबाहेर बघू लागला.

लीह्वाने कागदांकडे पाहिलं. यानताईला आईच्या घरी तिची खोली अजून तशीच होती. सुट्टीत गेली की आई त्या पलंगावर नवी चादर घालायची आणि दाराशी उभी राहायची. धाकटी बहीण म्हणायची, तिथं तुझं आहे कोण? याला तिने कधी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर नव्हतं म्हणून नाही. जाळं ओढताना हाताला लागणारा तो पहिला जिवंत हिसका, हे काही कुणाला सांगायचं उत्तर नव्हतं.

तिला बराच वेळ लागला. तोकुमात्सूने घाई केली नाही.

तिने ‘होडी’वर बोट ठेवलं.

जायचा दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरला. हिरोताका आदल्या संध्याकाळी येऊन राहिला. लीह्वाने त्याला कागदांचा डबा दिला आणि एकेक काढून समजावला. हा आंघोळीचा, हा लघवीचा, हा दाखवला की त्यांना एकटं सोडायचं. तो शाळकरी मुलासारखा मान हलवत होता, मधूनच वहीत टिपून घेत होता.

“आणि हे चार?” त्याने विचारलं.

“वारे.”

“सेंदाईत यांचं काय करू?”

“रोज सकाळी खिडकी उघडा आणि समोर धरा,” ती म्हणाली. “तिथं त्यांना वेगळी नावं असतील. ते ठरवतील.”

पहाटे ती निघायला उठली तेव्हा तोकुमात्सू जागाच होता. सामान उचलायला, गाडीत बसवायला आपण थांबावं, असा तिचा विचार होता. जाळं एक दिवस पाण्यात जास्त राहिलं तर काही बिघडत नाही. तिने तसं म्हटलंही. त्याने भिंतीशी ठेवलेल्या तिच्या रबरी बुटांकडे बोट केलं. ती तरी उभीच राहिली. त्याने पुन्हा बोट केलं, या वेळी भुवया जवळ आणून. होडीवर तिचा हात चुकला की असाच दिसायचा तो.

तिने बूट घातले. खाली वाकून त्याच्या पायांवरची गोधडी सारखी केली. दोघांनीही एकमेकांना काही दाखवलं नाही, लिहिलं नाही.

बंदराबाहेर हलका आइ होता. तिने एकटीने जाळ्याच्या खुणेचं तरंड पकडलं, दोरी यंत्राच्या चाकावर घातली आणि जाळं वर घ्यायला लागली. पहिल्या काही वावांत नुसतं शेवाळ आलं. मग एक लेपा मासा, मग दोन. सोबत कुणी नसल्यावर सुकाणू आणि जाळं यांच्यामध्ये किती पावलं चालावं लागतं, ते तिने आजवर मोजलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला ती घसरली, गुडघा होडीच्या काठावर आपटला. उठून तिने चाक पुन्हा चालू केलं.

सूर्य डोंगरावर आला तेव्हा किनाऱ्याच्या रस्त्यावर हिरोताकाची रुपेरी गाडी दिसली. ती वळणामागे गेली, पुन्हा दिसली, बोगद्याच्या तोंडाशी एकदा चमकली. थांबली नाही.

लीह्वाने हात वर केला नाही. दोन्ही हात जाळ्यात होते, आणि जाळं आता जड येत होतं.